बाबा, हे रेशीम बघा

लंडन

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

आई, गुडघ्याला शेक देतेस ना? मी मजेत आहे.

रविवारी इथल्या नॅशनल गॅलरीत गेले होते. एका चित्रापाशी पाय अडकले. माणसाहून उंच चित्र. विल्यम फील्डिंग नावाचा इंग्रज उमराव, अंगात गुलाबी रेशमी अंगरखा आणि तसाच पायजमा! हातात बंदूक, मागे माडावर पोपट, आणि पागोटं घातलेला हिंदुस्थानी पोरगा तो पोपट त्याला दाखवतोय. हा गृहस्थ १६३१ मध्ये आपल्याकडे आला आणि १६३३ मध्ये परतला. चित्रकाराने मात्र हिंदुस्थान कधी पाहिलाच नाही. तरी बाबा, त्या पायजम्याची चुणी जिथे आत वळते तिथे गुलाबी गडद होतो आणि चुणीच्या माथ्यावर उजेडाची तिरीप चढते. गिऱ्हाइकापुढे तुम्ही पदर उन्हाकडे धरून हलवता तेव्हा दिसतं, अगदी तसं.

चित्रकाराचं नाव अँथनी व्हॅन डाइक. फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पचा, जन्म १५९९ चा. आणि वडील रेशमाचे व्यापारी! आईचा भरतकामात हातखंडा. तो आठ वर्षांचा असताना ती गेली. हे वाचलं आणि मला येवल्याचं आपलं दुकान दिसलं. गादीवर बसून कापड चिमटीत धरायला तुम्ही मला शिकवलंत ते आठवलं. याच्याही बोटांना ते घरातच कळलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

१६२१ मध्ये तो इटलीला गेला, जिनोआच्या सरदार घराण्यांची चित्रं काढू लागला. पुढच्याच वर्षी अँटवर्पला वडील वारले. मुलगा इटलीतच. ते वाक्य मी दोनदा वाचलं, बाबा.

१६३२ मध्ये तो लंडनला आला. राजा चार्ल्सने त्याला 'सर' केलं, वर्षाला २०० पौंडांचं मानधन ठरवलं, थेम्सकाठी ब्लॅकफ्रायर्सला राहायची सोय केली. कामाची त्याची रीत तुम्हाला आवडेल. समोरच्याला एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बसवायचं नाही. राखाडी कागदावर खडूने पाव तासात उभं राहणं आणि कपडे अंगावर कसे पडतात ते टिपायचं. मग ते कपडे मागवून घ्यायचे आणि मदतनिसांनी त्यावरून रंगवायचं. शेवटचा हात मात्र स्वतःचा. आपल्याकडे विणकर विणतात, पण घडी घालण्याआधी प्रत्येक पैठणी तुमच्या डोळ्यांखालून जाते, तसंच.

आणि उधारी! १६३८ च्या हिशेबात राजाने चित्रांच्या किमती कापल्या, वर पाच वर्षांचं मानधन थकलेलं. एवढा राजा, पण पैसे द्यायच्या वेळी हे असं. तुमची लाल वही आठवली आणि जीव कळवळला. नावाजलेल्या घरांकडची बाकी तुम्ही कधी तोंड उघडून मागितली नाहीत.

१६४१ च्या डिसेंबरात तो लंडनमध्येच गेला. वय अवघं ४२, मुलगी आठ दिवसांची.

माझं डिसेंबरचं तिकीट काढलंय. या वेळी पंधरा दिवस नाही, चांगले सहा आठवडे राहणार आहे. मंगळागौरीला येता आलं नाही, ते मनात सलतंय.

चित्राची मोठी छापील प्रत पाठवतेय. आई, लगेच चौकट करायला देऊ नकोस, आधी बाबांना दुकानात नेऊ दे. बाबा, भिंग लावून गुलाबीवरचे ते बारीक पट्टे बघा. जरीचे असतील का ते, की नुसता रेशमाचा रंग? तुम्ही म्हणाल ते खरं. फोनवर नको, पत्रातच लिहा.

तुमची लेक