मित्राच्या लग्नासाठी कॅमेऱ्याची बॅग

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. आपल्या दोस्ताने परगावी समुद्रकाठी होणाऱ्या त्याच्या लग्नाचे फोटो तुझ्यावर सोपवले, यात त्याचा तुझ्यावरचा विश्वास दिसतो. म्हणूनच हे पत्र जरा सविस्तर लिहितोय.

नवा कॅमेरा कोणता घेऊ, हा तुझा पहिला प्रश्न. माझं स्पष्ट मत आहे की कोणताच घेऊ नकोस. लग्न तोंडावर आलंय आणि नवा कॅमेरा बोटांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. अंगठी बोटात सरकते ती क्षणात. त्या वेळी फोकस पॉइंट हलवायचं बटण शोधत बसलास तर तो क्षण गेला, आणि कुणाला 'पुन्हा एकदा घाला' म्हणणं मला तरी पटत नाही. तुझा आत्ताचा एपीएस-सी, म्हणजे थोड्या लहान सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या चिपचा), कॅमेरा तू व्ह्यूफाइंडरवरून डोळा न हलवता चालवतोस. या सवयीची किंमत कुठल्याही नव्या सेन्सरपेक्षा जास्त आहे.

खर्च करायचाच असेल तर दुसऱ्या बॉडीवर (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) कर, आणि तीही भाड्याने घे. परक्या गावी एकुलत्या एका कॅमेऱ्याचं शटर अडकलं किंवा तो हातातून पडला तर धावत जाऊन दुसरा आणता येत नाही. दोन बॉडींचा दुसरा फायदा रोजचा आहे: दोन्हींवर वेगवेगळ्या लेन्स लावल्या की भर कार्यक्रमात लेन्स बदलावी लागत नाही. भाड्याची बॉडी तुझ्याच कंपनीची, त्याच माउंटची (लेन्स बसवायच्या खाचेची) आणि जमलं तर त्याच बॅटरीवर चालणारी बघ. ती फुल फ्रेम (एपीएस-सीपेक्षा मोठ्या सेन्सरची) असली तर उत्तम, पण दोन कार्ड स्लॉट असायलाच हवेत. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो लिहिले जातील असं सेटिंग कर. कार्ड अगदी कारण नसतानाही दगा देतं, आणि तेव्हा दुसऱ्या स्लॉटमधली प्रत हाच आधार असतो. महत्त्वाचे विधी याच बॉडीवर टिप.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. तुझी नेहमीची झूम एपीएस-सीसाठी बनलेली आहे. ती फुल फ्रेमवर लावलीस तर बरेच कॅमेरे सेन्सरचा मधलाच भाग वापरतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून जेमतेम १० ते ११ मेगापिक्सेलचा फोटो निघतो. तेव्हा भाड्याने घेशील ती प्रत्येक लेन्स फुल फ्रेमचीच घे. ती तुझ्या जुन्या बॉडीवरही चालेल.

आता लेन्स. सगळ्यात जास्त विचार इथेच कर, कारण लग्नाचे फोटो बिघडतात ते बहुधा उजेडाअभावी. समुद्रकिनाऱ्यावरचा संध्याकाळचा भाग सोपा आहे. खरी परीक्षा त्यानंतर हॉलमध्ये, जिथे दिवे मुद्दाम मंद केलेले असतात. समज, तिथे १/१६० सेकंद शटर स्पीड ठेवायचा आहे. तुझी झूम पूर्ण पुढे केली की ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ ५.६ वर येतं, आणि समज तेवढ्याने आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता; ती वाढली की फोटोत दाणे दिसतात) १२८०० मागितला. त्याच जागी एफ २.८ ची लेन्स चौपट उजेड आत घेते, म्हणजे ३२०० वर भागतं. एफ १.८ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) जवळजवळ दहापट उजेड घेते आणि आयएसओ १३०० च्या आसपास उतरतो. अंधारात काळ्या कोटाच्या घड्या दिसणं आणि तिथे नुसता रंगीत दाणा दिसणं, यातला फरक एवढ्यानेच पडतो. स्टॅबिलायझेशन आहे ना, असं तू म्हणशील. ते तुझा हात स्थिर करतं, नाचणाऱ्या माणसाला नाही. बोलणाऱ्या माणसाला १/१२५ पुरतं, चालणाऱ्याला १/२५०, आणि नाच गोठवायचा तर १/५०० तरी हवं.

म्हणून मी तुझ्या जागी असतो तर तीनच लेन्स नेल्या असत्या. फुल फ्रेमवर २४-७० किंवा २८-७५ एमएमची (हा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) एफ २.८ झूम: कुटुंबाचे गट, विधी, हॉलची सजावट सगळं तिच्यातून निघतं. तुझ्या जुन्या बॉडीवर ८५ एमएम एफ १.८. तुझ्या लहान सेन्सरचा क्रॉप (दृश्य किती पट जवळ दिसतं तो आकडा) १.५ आहे, म्हणजे तिच्यातून साधारण १२८ एमएमसारखं दृश्य मिळेल. लांबून, कुणाला न कळता, आईच्या चेहऱ्यावरचे भाव टिपायला इतकं पुरे. तिसरी ३५ एमएम एफ १.८, अंधारातल्या नाचासाठी आणि झूम बंद पडलीच तर. काही ३५ एमएम लेन्स खूप जवळूनही फोकस करतात. उदाहरणार्थ, कॅननची आरएफ ३५ एमएम एफ १.८ मॅक्रो १७ सेंटीमीटरवरून अंगठी सेन्सरवर खऱ्याच्या अर्ध्या आकारात टिपते. तुझ्या माउंटमध्ये तशी मिळाली तर वेगळी मॅक्रो न्यायला नको.

७०-२०० एमएम एफ २.८ या लांबचं टिपणाऱ्या झूमचा मोह तुला होणार, हे मला माहीत आहे. मिररलेसमधल्या (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांच्या) हलक्यातल्या हलक्याही एक किलोच्या आसपास असतात आणि जुन्या, आरसेवाल्या डीएसएलआरच्या दीड किलोच्या घरात जातात. दिवसभर खांद्यावर ती आणि शिवाय तू लग्नाचा पाहुणाही. मी ती घरीच ठेवेन. अपवाद एकच: विधी चालू असताना जवळ जायला परवानगी नसेल, तर ती हवीच, आणि मग ८५ वगळ. हे दोस्ताला आधीच विचार.

८५ बद्दल आणखी थोडं, कारण तिचं सौंदर्य जितकं भुलवतं तितकीच ती चकवते. फुल फ्रेमवर दोन मीटरवरून एफ १.८ ला पुढून मागे सगळा मिळून जेमतेम ६ सेंटीमीटरचा पट्टा नीट दिसतो. तुझ्या बॉडीवर तो आणखी अरुंद. नवरी किंचित वळून उभी असेल तर जवळच्या डोळ्याची पापणी न पापणी दिसते, कानातलं पुसट होतं, आणि खांद्यामागे उभ्या नवऱ्याचा चेहरा पार विरघळतो. एकट्या माणसासाठी ते सुरेख. दोघं असतील तर एफ ४ वर ये आणि दोन पावलं मागे सरक.

फ्लॅश एकच ने, पण डोकं सगळीकडे फिरणारा. पांढरं, बेताच्या उंचीचं छत असेल तर उजेड तिकडे फेक, चेहऱ्यावर मऊ होऊन उतरतो. बाहेर मोकळ्यावर छतच नाही, तिथे अगदी कमी पॉवरवर नुसती सावली भरून काढ. भर उन्हात शटर स्पीड १/२०० ते १/२५० च्या वर नेलास की बहुतेक कॅमेऱ्यांवर हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरसोबत फ्लॅश चालवायची पद्धत) लागतो आणि फ्लॅशचा जोर बराच घटतो. तेव्हा माणसांनाच सावलीत उभं करणं बरं. विधी चालू असताना मात्र फ्लॅश बंद ठेव. तो झगमगाट सगळ्यांचं लक्ष वेधतो, आणि त्या वेळी लक्ष त्या दोघांकडेच असायला हवं. आवाज टाळायला सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर लावशील तर आधी हॉलच्या दिव्यांत चाचणी फोटो काढून बघ. एलईडीखाली फोटोवर कधीकधी आडवे पट्टे येतात. आलेच तर मेकॅनिकल शटरवर परत ये. विजेची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ असेल तर १/१००, ६० असेल तर १/१२५ च्या आसपास हा त्रास सहसा आटोक्यात येतो.

प्रवासाचं सांगायचं तर कपडे चेक-इनमध्ये, कॅमेरे केबिनमध्ये. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालतच नाहीत. १०० वॉट-अवर (बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) पर्यंतच्या केबिनमध्ये नेता येतात आणि कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १५ च्या आसपास असते, तेव्हा काळजी नको. टोकांना टेप लाव किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत घाल. बॉडी-लेन्सचे सिरियल नंबर एका कागदावर लिहून फोनमध्येही ठेव. परत येताना कार्डं खिशात, फोटोंची प्रत उतरवलेली हार्ड डिस्क बॅगेत. एकत्र ठेवू नकोस.

समुद्रकाठी वाळूत लेन्स बदलू नकोस, आणि रात्री खाऱ्या हवेचा थर ओलसर कापडाने पुसून काढ. एसीच्या खोलीतून थेट दमट हवेत आलास तर समोरची काच क्षणात पांढरी होते. पुसलीस तरी पुन्हा धुकं जमतं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास आधी बाहेर आण. बाहेरच्या हवेची सवय झाली की काच स्वच्छ राहते. हा अर्धा तास वेळापत्रकात आत्ताच धर, कारण त्या दिवशी तो कुणी देणार नाही.

दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं तिथल्या वेळेप्रमाणे सेकंदासह जुळव, नाहीतर नंतर फोटो क्रमाने लावताना डोकं उठेल. भाड्याचं सामान लग्नाच्या आठवडाभर आधी ताब्यात घे, घरातल्या मंद दिव्यात कुणाला तरी चालायला लाव आणि लेन्सचा फोकस त्याला धरून ठेवतो का ते बघ. जमत नसेल तर बदलून घ्यायला वेळ उरतो.

दोस्ताकडून कार्यक्रमाच्या वेळा आणि संध्याकाळी दिवे लागल्यावरचे हॉलचे फोटो मागवून मला पाठव. ते बघून ३५ पुरेल की आणखी उजेड घेणारी लेन्स घ्यावी, हे ठरवू.

तुझाच,
जुना मित्र