ताईस, गाडीच्या इंजिनाविषयी

अमळनेर

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, की 1,62,000 किलोमीटर धावलेली ही डिझेल स्विफ्ट आता तुझ्याकडे देण्यात अर्थ आहे का, आणि तुझ्या कार्यालयातल्या मंडळींना तर 75 अश्वशक्ती हा आकडा ऐकूनच हसू आले. फोनवर मी "गाडी उत्तम आहे" एवढेच बोललो. ते उत्तर मलाच अपुरे वाटले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या गाडीवर नाव सुझुकीचे असले तरी इंजिन मुळात फियाटचे आहे. फियाटने ते 2003 मध्ये बाजारात आणले, 2007 मध्ये ते स्विफ्टमधून आपल्याकडे आले आणि पुढे टाटांच्या गाड्यांतही बसले. एकाच इंजिनावर इतक्या कंपन्यांच्या गाड्या चालल्यामुळे त्याचे सुटे भाग जळगाव-धुळ्यालाच नव्हे, तर चाळीसगावलाही मिळतात, आणि त्याची नस ओळखणारा मिस्त्री प्रत्येक तालुक्याला सापडतो. भरवशाची माझी पहिली व्याख्या हीच आहे. एप्रिल 2020 मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 चे नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. इंजिन वाईट निघाले म्हणून नव्हे. लहान डिझेल इंजिनाला नव्या नियमांत बसवण्याचा खर्च परवडणारा नव्हता.

आता आकडे. 1248 सीसी, चार सिलिंडर, 4000 आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला 4000 फेऱ्यांना) 75 अश्वशक्ती आणि 2000 आरपीएमला 190 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारी ओढ. तुझी मंडळी पहिला आकडा पाहतात, तू दुसरा पाहा. त्याच काळातल्या पेट्रोल स्विफ्टची ताकद 87 अश्वशक्ती होती, पण टॉर्क 114, आणि तोही 4000 आरपीएमला. चार माणसे, डिकीत धान्याचे पोते आणि पुढे कन्नडचा घाट असला, की गाडी ओढते ती टॉर्कवर.

मात्र या 190 ला एक अट आहे. 2000 आरपीएमच्या खाली टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) पुरेसा फिरत नाही आणि इंजिन अगदी मरगळलेले वाटते. चाळीसगावकडून घाट चढताना वळणावर वेग पडला आणि तू तिसऱ्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबत राहिलीस, तर गाडी काळा धूर सोडेल आणि जागची हलणार नाही. वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाकून काटा 2000 च्या वर ठेव. पहिली दोन वर्षे मीही या गाडीला नावे ठेवत होतो. चूक माझ्या डाव्या हाताची होती.

टर्बो म्हणजे एकाच दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली दोन चक्रे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो आणि दुसरे चक्र हवा दाबून सिलिंडरमध्ये ढकलते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि फिरतो तो ऑइलच्या पातळ थरावर. घाट चढून गेल्यावर लोक चहासाठी गाडी थांबवतात आणि त्याच क्षणी किल्ली फिरवतात. ऑइलचा पुरवठा थांबतो, तापलेल्या दांड्याभोवती उरलेले ऑइल तिथेच करपते आणि त्याची काजळी साचत जाते. तू चहावाल्याला गाडीतूनच हाक मार, इंजिन मिनिटभर तसेच चालू राहू दे आणि मग उतर.

घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची आपल्याकडे अनेकांना सवय आहे. तुझ्या काकांनाही होती. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम या गाडीत इंजिनावर चालणाऱ्या पंपातून मिळतो. इंजिन बंद असले तर दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. घाटात इंजिन चालू आणि गिअर खालचा, याला अपवाद नाही.

आता माझ्या चुकीची गोष्ट. एका वर्षी लग्नसराईच्या धावपळीत मी ऑइल बदलायचे राहू दिले. 10,000 किलोमीटरला बदलायचे ते 14,000 वर गेले, आणि पातळीही पाहिली नाही. माघातल्या एका थंड सकाळी गाडी चालू करताच पुढून दोन-तीन सेकंद डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला आणि थांबला. मी दुर्लक्ष केले. आठवड्याने तो आवाज लांबू लागला, तेव्हा मिस्त्रीकडे नेली. त्याने लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या कडेला टेकवले, लाकडी मूठ कानाला लावली, डोळे मिटून ऐकले आणि म्हणाला, "भाऊ, चेन ढिली व्हई गयी."

या इंजिनात व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्यासाठी लागणारा टायमिंगचा पट्टा नाही, चेन आहे. ठराविक किलोमीटरला पट्टा बदलण्याचा खर्च वाचतो, म्हणून लोक तिला आजन्म टिकणारी समजतात. पण ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्याच दाबावर काम करतो. या इंजिनात ऑइल मावते जेमतेम तीन लिटर. त्यातले लिटरभर कमी झाले किंवा उरलेले काळे, जड झाले, की पहिला फटका चेनला आणि दुसरा टर्बोला. चेन उडाली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग इंजिन उघडण्यावाचून मार्ग राहत नाही. आपले नशीब बरे, चेनचा पूर्ण संच बदलण्यावर निभावले. त्यानंतर मी 8,000 लाच ऑइल बदलतो आणि दर रविवारी, गाडी थंड असताना, सपाट जागी गेज (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून पाहतो.

डिझेल चांगल्या पंपावरच भर. शेतावर मोटारीसाठी ठेवलेल्या ड्रममधले डिझेल अडचणीतही घालू नकोस. त्यात पाणी असते, आणि कोणी रॉकेल मिसळले असेल तर वंगणाचा गुणच जातो. हजार बारहून अधिक दाबाने डिझेल फेकणारा पंप आणि इंजेक्टर हे सहन करत नाहीत. रेडिएटरमध्ये आपल्याकडचे क्षाराचे बोअरचे पाणी नको, कूलंटच हवे. आणि कार्यालय घरापासून चार किलोमीटरवर असेल, तर इंजिन रोज अर्धवट तापून ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) काजळी धरेल. आठवड्यातून एकदा तरी गाडी हमरस्त्यावर तासभर मोकळी पळव. अमळनेरला येत जा, दोन्ही कामे होतील.

गाडीच्या नोंदणीची 15 वर्षे 2028 मध्ये भरतात. तोवर हे इंजिन उघडावे लागेल असे मला वाटत नाही, आणि पुढचे फिटनेस तपासणीवर ठरेल. क्लच मात्र वर्ष-दीड वर्षात मागेल, त्याचे पैसे मी बाजूला ठेवले आहेत.

रविवारी गाडी घेऊन येतो. डिकीत नवा डिझेल फिल्टर आणि लिटरभर ऑइल ठेवले आहे, गेज पुसायचे फडके चालकाच्या सीटखाली आहे. तुझी आई त्याच डिकीत कळण्याचे पीठ आणि लोणच्याची बरणी ठेवणार म्हणते. बरणी ऑइलच्या डब्यापासून लांब राहील हे मी पाहीन.

तुझे आप्पा