टॉकीजचे कर्णे घरी आले

टिळकवाडी, बेळगाव
12 ऑक्टोबर

प्रिय दोस्ता,

टॉकीजचे जुने स्पीकर आणले तेव्हा तू फोनवर बजावलं होतंस, "त्या राखाडी रंगाला हात लावू नकोस, पस्तावशील." मी लावला आणि पस्तावलो. हे पहिल्याच ओळीत कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

खानापूरकडची ती टॉकीज आठवते ना, जिथं आपण सायकलवर डबलसीट जायचो? ती पाडून आता मंगल कार्यालय होतंय. पडद्यामागचे दोन्ही स्पीकर भंगारवाल्याच्या शेडमध्ये उताणे पडले होते, एकात कोंबडी बसलेली. टेम्पोतून आणले. एकेक खोकं साडेतीन फूट उंच, अडीच फूट रुंद, दोन फूट खोल. चौघांनी उचलून आत घेतली तर तुझी वहिनी म्हणाली, "कपाटं आणलीत होय?" खाली खालच्या सुरांचा पंधरा इंची वूफर, त्याच्यापुढं लाकडाचाच बाहेर पसरत जाणारा आखूड कर्णा. वर बिडाच्या वजनाचा वाटणारा, पण ॲल्युमिनियमचा ओतीव कर्णा, उभ्या पट्ट्यांनी कप्पे पाडलेला. आतली आवाज काढणारी युनिटं अल्टेक कंपनीची, 'व्हॉइस ऑफ द थिएटर' जातीची. खोकी मात्र इथल्याच कुणा सुतारानं नकाशा बघून बांधलेली. मागची फळी काढली तर आत पेन्सिलीनं इंचांची मापं, मराठी आकड्यांत. एका जागी ७ खोडून ९ केलाय.

गल्लीतली गणपती मंडळाची पोरं बघायला आली. "काका, ह्याला डॉल्बी म्हणायचं काय?" म्हणून हसली. मग त्यांना सांगितलं की लान्सिंग नावाच्या माणसाची कंपनी अल्टेकनं 1941 मध्ये घेतली, 1946 मध्ये तो बाहेर पडला आणि स्वतःची काढली, आणि तुमच्या टोप्यांवर जी जेबीएल अक्षरं आहेत ती त्याच्याच नावाची. तेव्हापासून येता-जाता वाकून बघतात. विसर्जनाला मागायलाही आली होती. दिले नाहीत.

आता रंग. माझ्या डोक्यात आपलं सागवानी कपाटासारखं चित्र होतं. हीट गनचं भाडं भरून दोन रविवार एक खोकं खरवडलं. राखाडीखाली भेगा बुजवायची लांबी, लांबीखाली प्लायवूड. गाठी, गाठी काढून बसवलेली ठिगळं, खिळ्यांची डोकी. अरे, ही वस्तू पडद्यामागं उभी राहायची, तिला रूप कोण कशाला देईल? तरी हट्टानं चपडा लाखेचं पॉलिश सुरू केलं, तेही जुलैत. आमचे सुतारमामा कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, "मळे निल्लली." पाऊस थांबू दे. मी थांबलो नाही. तिसरा हात मारला आणि तासाभरात सगळी बाजू दूध सांडल्यासारखी पांढरी. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि थरात अडकतो. नुसतं स्पिरिट फिरवून पांढरेपणा गेला, पण दुसऱ्या दिवशी झड लागली आणि परत आला. शेवटी सप्टेंबरात ऊन पडल्यावर सगळं घासलं, लांबी भरली आणि पुन्हा राखाडी रंग दिला. दुसऱ्या खोक्याला फक्त साबणाचं फडकं फिरवलं. त्यावर ओलीचे डाग आहेत, कडा झिजल्यात, आणि खरं सांगू, तेच जास्त चांगलं दिसतं. जोडी आता विजोड झालीय. हस की.

आतलं काम मात्र जमलं. क्रॉसओव्हरचे, म्हणजे खालचे-वरचे स्वर वेगळे करून ज्याच्या त्याच्या युनिटाकडं धाडणाऱ्या जोडणीचे, कपॅसिटर काढून मीटरला लावले. 800 हर्ट्झला स्वर तोडायचे, युनिट 16 ओहमचं, सप्तकामागं बारा डेसिबलचा उतार, म्हणजे हिशेबानं कपॅसिटर 8.8 मायक्रोफॅरडचा पाहिजे. एक निघाला 13 चा, दुसरा 11 चा. वयानं आकडा फुगलेले. कपॅसिटरचा आकडा फुगला की खालचे स्वरही वरच्या कर्ण्यात घुसतात. ते पेलणं त्या नाजूक युनिटाचं काम नव्हे, म्हणून बाई गायला लागली की पत्र्यावर ओरडल्यासारखं व्हायचं. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून पॉलिप्रॉपिलीनचे आणले, 6.8 आणि 2.2 शेजारी-शेजारी जोडून 9 केले. सोन्याच्या भावाचे कपॅसिटरही मिळतात. ते घेतले नाहीत. नेमका आकडा जुळला की बास, बाकीचं दुकानदाराचं कौतुक.

वरच्या एका युनिटाची तारेची कॉइल तुटली होती. चांगल्यावर मीटर अकरा-बारा ओहम दाखवायचा, ह्याच्यावर काहीच नाही. कॉइल ज्याला चिकटलेली असते तो डायफ्राम नवा बाहेरून मागवला, कस्टम भरलं, ते किती हे तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही. ते काम ऐक. मागचं झाकण काढलं की चुंबकाचं तोंड, म्हणजे कॉइल बसते ती फट, उघडं पडतं, आणि ते काय ओढतं म्हणून सांगू! स्क्रू-ड्रायव्हर हातातून सुटून त्या फटीवर आपटला असता, थोडक्यात वाचलो. मग उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून पितळेचा करून आणला. फट कागदाच्या दोन घड्या जाव्यात एवढीच, आणि तिच्यात लोखंडाची भुकटी बसलेली, वर्षानुवर्षांची. फुंकून निघत नाही, टोचून काढायला गेलं तर आणखी आत जाते. जाड कागदाला चिकटपट्टी उलटी गुंडाळून फटीतून फिरवायची. प्रत्येक फेरीला पट्टी काळी होऊन यायची. सतरा फेऱ्या मोजल्या, अठरावी कोरी आली. डायफ्राम म्हणजे पापडापेक्षा पातळ ॲल्युमिनियमची वाटी. अंगठा टेकला तर खड्डा. तो बसवला, हळू आवाजात एक बारीक सूर चालू ठेवला आणि सूर ऐकत एकेक स्क्रू पाव-पाव फिरवला. कुठं खरखर आली की सैल, परत. श्वास धरून करायचं काम. त्या संध्याकाळी मला तात्यांची फार आठवण झाली. घड्याळ उघडलं की ते घरात कुणाला बोलू द्यायचे नाहीत.

वूफरला फारसं काही करावं लागलं नाही. त्याची कडा लेप दिलेल्या कापडाची, फोमची नव्हे, म्हणून एवढी वर्षं टिकली. उंदरानं कुरतडलेल्या एका भोकाला पातळ केलेल्या फेविकॉलनं टिश्यूचं ठिगळ लावलं. आणि पत्र्याची गळती थांबवायला आपण जी डांबराची पट्टी चिकटवतो ना, ती ॲल्युमिनियमच्या कर्ण्याला बाहेरून लावली. आधी बोटाची टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखा टण्ण वाजायचा. आता नुसता ठप्प.

एवढं करून पहिल्यांदा जोडले, तर तळाचे सूर गायब! तबल्याचा डग्गा म्हणजे पुठ्ठ्यावर बोटं वाजवल्यासारखा. आठ दिवस मी खोलीला दोष दिला, पडदे लावले, खोकी भिंतीला सरकवली, तू म्हणतोस ते सगळं. कपॅसिटर परत सोडवले. शेवटी दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन वूफरच्या तारांना टेकवला. धनाला धन लावलं की कागद केसभर पुढं यायला पाहिजे. एकाचा आला. दुसऱ्याचा मागं गेला. तारा मीच उलट्या डागल्या होत्या. एक ढकलत होता, दुसरा ओढत होता, आणि मधल्या मधे डग्गा मरत होता. रात्री अकरा वाजता सोल्डरचे डाग सोडवून तारा परत लावल्या.

मग कुमार गंधर्वांची जुनी मोनो, म्हणजे दोन्ही खोक्यांतून एकच आवाज येणारी, रेकॉर्ड ठेवली. सुळेभावीचा माणूस, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरचा. अरे, दोन खोक्यांच्या मधे, जिथं काहीच नाही, तिथं आवाज उभा राहिला. तान सुरू व्हायच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा. एका वॉटला हे 100 डेसिबलच्या आसपास वाजतात. माझ्या आधीच्या 88 वाल्यांना तेवढ्यासाठी 16 वॉट लागतील. ॲम्प्लिफायरची आवाजाची कळ घड्याळाच्या आठच्या काट्यावरच असते आणि शेजारच्या आजी अजून काही बोललेल्या नाहीत. वरच्या टोकाची झांज थोडी मंद आहे, पण आपल्या पन्नाशीच्या कानांना ती कुठं कळतेय.

एक राहिलंय. वरचं युनिट वूफरपेक्षा बरंच मोठं बोलतं, सध्या रेझिस्टर लावून दाबलंय, पण ते मला कानानं थोडं-थोडं फिरवून जुळवायचंय. तर दिवाळीला येताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून 16 ओहमचे दोन एल-पॅड, म्हणजे युनिटाचा आवाज कमी-जास्त करायच्या कळी, घेऊन ये. 8 चे गळ्यात मारतील, घेऊ नकोस. कुंदा मी आणून ठेवतो, आणि पाठीला पट्टा बांधून ये, एक खोकं खिडकीकडं सरकवायचंय.

तुझाच,
विजोड जोडीचा मालक