३० पैकी २७ गुण म्हणजे सारे ठीक नव्हे

संपादक महोदय,

पक्षाघात, पार्किन्सन किंवा डोक्याला मार लागल्यानंतर अनेकदा स्मृती आणि विचारशक्तीची ३० गुणांची, दहा मिनिटांची चाचणी होते. २७ गुण पडले की घरचे निर्धास्त! पण ही केवळ चाळणी आहे. १९७५ पासूनच्या ‘एमएमएसई’ या अशा चाचणीत नियोजन, विचारांचा वेग, एका कामातून दुसऱ्याकडे वळणे हे जवळजवळ तपासलेच जात नाही; पार्किन्सनमध्ये तर बहुधा आधी हेच ढासळते. ‘मोका’ ही अशीच दुसरी चाचणी त्या मानाने बरी. तिच्यात शिक्षण १२ वर्षे किंवा कमी असल्यास एक गुण वाढवून द्यायचा असतो, तो राहून गेला तर निरोगी माणूसही आजारी ठरू शकतो.

सविस्तर तपासणीला काही तास लागतात. रुग्ण थकला तर दोन बैठका घ्याव्यात. चष्मा, श्रवणयंत्र सोबत हवेच. झोपेच्या गोळ्या आणि नैराश्य यांची नोंद आधी व्हावी. वाचाघातात, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडते तेव्हा, शब्द सापडत नाहीत, म्हणून ‘स्मृती गेली’ असे लिहिणे हा रुग्णावर अन्याय आहे. फेरतपासणीत शब्दांची तीच यादी दिली तर सरावानेच गुण वाढतात, म्हणून समांतर, म्हणजे तेवढीच अवघड पण वेगळ्या शब्दांची यादी वापरावी. अहवालात नुसती बेरीज नको. औषधे, पैसे, वाहन रुग्ण स्वतः सांभाळू शकेल का, हे नातेवाइकांनी विचारून घ्यावे.

– मेंदूविकारांच्या चाचण्या घेणारे दोन मानसशास्त्रज्ञ