ढलपी बघून फीड शिकवणाऱ्या मॅडमना आभारपत्र

माननीय मॅडम,

सादर नमस्कार.

आपले नाव या पत्रात लिहीत नाही, कारण ते जाहीर करण्याची परवानगी मी आपल्याकडून घेतलेली नाही. परंतु आपल्या सॉफ्टवेअर कंपनीला पाठवलेला, 'सागवान जळत आहे, फीड किती ठेवू?' असा विषय असलेला माझा पहिला ई-मेल आपल्याला आठवत असेल, अशी आशा आहे. (फीड म्हणजे मशीनचे पाते लाकडात मिनिटाला किती मिलिमीटर पुढे सरकते तो वेग.) त्या एका प्रश्नाला आपण ज्या रीतीने उत्तर दिलेत, त्याबद्दल चार लोकांसमोर आभार मानावेत, एवढ्यासाठी हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातला सुतार. आमच्या घरात रंधा, पटाशी आणि वाकस आजोबांपासून चालत आलेले आहेत, आणि लाकूड म्हटले की आमच्याकडे सागवान; २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही आमच्या जिल्ह्यातून सागवानच रवाना झाले. कोरीव दारांची मागणी हाताने पुरी होईना, म्हणून कर्ज काढून चार बाय आठ फुटांचे सीएनसी राउटर, म्हणजे संगणकावर चालणारे कोरीवकामाचे मशीन घेतले. मशीन बसवून देणारा माणूस दोन दिवस थांबला, 'फीड ६०० आणि स्पिंडल (पाते फिरवणारी मोटर) ३०० ठेवा, त्यात सगळे चालते' असे सांगून गेला, आणि त्यानंतर त्याचा फोन लागणे बंद झाले.

पहिले काम एका नव्या घराच्या मुख्य दाराचे होते. अक्षय्य तृतीयेला त्यांचा गृहप्रवेश ठरलेला. ६ मिलिमीटर व्यासाचे, दोन धारांचे कार्बाइड बिट, म्हणजे फिरणारे पाते, लावून वेलबुट्टीची पहिली खाच सुरू केली, तेव्हा हातभर अंतर कापून होण्याच्या आतच धूर निघाला. खाचेच्या दोन्ही कडा काळ्या पडल्या आणि बिटाच्या टोकाला जळलेल्या राळेसारखा थर बसला. काम बिघडू लागले की वेग कमी करावा, ही सुताराच्या हाताची सवय असते. म्हणून मी फीड ६०० वरून ४०० वर आणला. लाकूड जास्तच जळाले. त्या आठवड्यात दोन बिटे मोडली आणि एक फळी वाया गेली.

माझे वडील मशीनच्या खोलीत सहसा येत नाहीत. त्या दिवशी जळका वास आला म्हणून आले, खाचेतला भुसा चिमटीत घेतला, अंगठ्याने चोळून बघितला आणि म्हणाले, "हे भुकटी हाय, ढलपी नाही. पातं घासून राहिलं, कापून नाही राहिलं." मी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही, कारण रंध्याचा नियम मशीनला लागू पडेल असे मला त्या वेळी वाटले नव्हते.

रात्री अकरा वाजता मी आपल्या कंपनीला मराठीतच लिहिले. इंग्रजीत नीट मांडता आले नसते, आणि मराठी पत्र कोणी वाचेल याचा भरवसाही नव्हता. सकाळी उघडून बघतो तर आपले उत्तर मराठीत आलेले होते, आणि त्यात आकडा नव्हता. चार प्रश्न होते. बिटाचा व्यास किती, धारा किती, स्पिंडलला वीज पुरवणाऱ्या ड्राइव्हच्या पडद्यावर दिसणारा ३०० हा आकडा फेऱ्यांचा आहे की हर्ट्झचा, म्हणजे त्या विजेच्या वारंवारतेचा, आणि खाचेतून निघणारा माल भुकटी आहे की ढलपी? तो माल पांढऱ्या कागदावर घेऊन, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, त्याचा फोटो पाठवावा, असेही आपण लिहिले होते. चौथा प्रश्न वाचताना वडिलांचे शब्द कानात आले आणि मला आधी त्यांच्याकडे जाऊन ते पुन्हा विचारावे लागले.

पुढचे पत्र मी छापून मशीनशेजारच्या भिंतीवर लावले आहे. ३०० हे हर्ट्झ आहेत, आणि ४०० हर्ट्झला २४,००० फेरे घेणारे स्पिंडल ३०० ला मिनिटाला १८,००० फेरे घेते, हे मला त्यातून प्रथम कळले. दोन धारांचे बिट असल्याने मिनिटाला ३६,००० वेळा धार लाकडावर येते, आणि तेवढ्या वेळात मशीन फक्त ६०० मिलिमीटर पुढे सरकते. म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला मिलिमीटरचा साठावा भाग येतो. मी फीड ४०० केला तेव्हा तो नव्वदावा भाग झाला. बिटाची धार नवी असली तरी ती टोकाला किंचित गोलच असते, त्यामुळे इतकी पातळ ढलपी ती उचलू शकत नाही, नुसती घासत राहते. आणि कापताना निर्माण होणारी उष्णता ढलपीबरोबर बाहेर पडायची ती, ढलपीच नसल्यामुळे, बिटात आणि लाकडात मुरते. सागवानात सिलिका असल्याने घासणारी धार लवकर बोथट होते आणि बोथट धार आणखी घासते, हे आपण एका ओळीत सांगितलेत, पण माझ्या मोडलेल्या बिटांचा सगळा हिशेब मला त्या ओळीत मिळाला.

फीड म्हणजे फेरे गुणिले धारा गुणिले एका धारेची ढलपी, हे सूत्र कोणत्याही पुस्तकात सापडेल. परंतु ज्याला गुणाकार येतो आणि ढलपी ओळखता येते, त्याला आपल्या हातातल्या कामापासून या सूत्रापर्यंत आणणे हे वेगळे काम आहे, आणि ते आपण केलेत. '२४०० ठेवा' असे आपण एका वाक्यात सांगू शकला असता आणि माझे ते दार झालेही असते. पुढच्या वेळी बिट किंवा लाकूड बदलले असते तेव्हा मी पुन्हा अंधारातच असतो.

आपण पायऱ्या सांगितल्या. स्पिंडल २०० हर्ट्झवर, म्हणजे १२,००० फेऱ्यांवर आणायचे, खोली बिटाच्या व्यासाच्या निम्मी म्हणजे ३ मिलिमीटर ठेवायची, टाकाऊ फळीवर १२००, १८०० आणि २४०० अशा तीन फीडने तीन सरळ खाचा मारायच्या आणि प्रत्येकीचा माल वेगळ्या कागदावर ठेवायचा. १२०० ला बारीक कण मिळाले, १८०० ला कण मोठे झाले, आणि २४०० ला, जिथे एका धारेची ढलपी मिलिमीटरचा दहावा भाग होते, तिथे रंध्याखालून पडतात तशा छोट्या, कुरळ्या ढलप्या पडल्या. खाचेत बोट फिरवले तेव्हा कड कोमट होती, काळी नव्हती. बिट थांबल्याबरोबर त्याला हात लावता आला, ही गोष्ट मला अजून लख्ख आठवते. त्या तीन कागदांचा फोटो आपल्याला पाठवला तेव्हा आपण तिसऱ्या कागदाभोवती गोल काढून परत पाठवलात.

बिटे मोडण्याचे दुसरे कारणही आपणच शोधलेत. फळीत सरळ खाली उतरतानाचा वेग सॉफ्टवेअरमध्ये वेगळा भरायचा असतो, आणि मी तिथेही फीडचाच आकडा भरत होतो. तो एक तृतीयांशावर आणावा आणि बिट सरळ न खुपसता तिरक्या उताराने उतरवावे, हे आपण टूलपाथ, म्हणजे बिटाला आखून दिलेला मार्ग, तपासून सांगितलेत. टूलच्या यादीत आधीपासून भरलेला ६०० हा आकडा केवळ नमुन्याचा आहे, आणि नवख्या माणसाला तसे तिथेच सांगायला हवे होते, ही आपल्या बाजूची उणीव आपण स्वतःहून मान्य केलीत. त्यानंतर मला आपल्याला पुढचे प्रश्न विचारताना संकोच वाटला नाही.

म्हणूनच तिसरे पत्र मी थोड्या तक्रारीच्या सुरात लिहिले होते, त्याबद्दल क्षमा मागतो. दाराच्या मधल्या गणपतीचे बारीक कोरीवकाम सॉफ्टवेअर सव्वादोन तासांचे दाखवत होते आणि मशीनला पाच तासांहून अधिक लागले. भरलेला फीड ही मशीनला दिलेली वरची मर्यादा आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या तुकड्यातुकड्याने वळणाऱ्या रेषेवर मशीनला तो वेग गाठायला जागाच मिळत नाही, असे आपण समजावलेत. वळणावळणाच्या जंगलरस्त्याला एसटीच्या चालकाने कितीही ठरवले तरी टॉप गिअर पडत नाही, तसेच हे आहे, असे मी माझ्या मदतनीस मुलाला सांगितले आणि त्याला ते लगेच पटले. मशीनचे खरे त्वरण सॉफ्टवेअरमध्ये भरल्यापासून दाखवलेला वेळ आणि लागणारा वेळ यांत फार फरक राहिलेला नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला तारीख देताना आता छातीवर दडपण येत नाही.

ते दार गृहप्रवेशाच्या दोन दिवस आधी चौकटीत बसले. ज्या तीन कागदांवर ढलप्या ठेवल्या होत्या, त्या मी पारदर्शक चिकटपट्टीने तिथेच चिकटवल्या, खाली हर्ट्झ आणि फीड लिहिला, आणि ते कागद आपल्या पत्राशेजारी भिंतीवर लावले. वडील आता मशीनच्या खोलीत रोज एकदा तरी येतात. पडद्याकडे बघत नाहीत, खाली पडलेला माल हातात घेऊन बघतात आणि चांगला असेल तर काही न बोलता जातात.

येत्या महिन्यात बांबूच्या दाबलेल्या फळ्यांवर देव्हाऱ्याची जाळी करायची आहे. बांबूचे तंतू एकाच दिशेने धावतात आणि आडव्या खाचेत कड फाटते, एवढे मला पहिल्या प्रयत्नात दिसले आहे. या वेळी आधी तीन फीडने तीन खाचा मारीन, तीन कागद पट्टीसह फोटोत घेईन, हिशेब मांडीन, आणि मगच आपल्याला लिहीन.

आपला कृतज्ञ,
मूल तालुक्यातील एक सुतार
जिल्हा चंद्रपूर