पाच वर्षांच्या कागदावर सही केल्यानंतर

गॉटिंगेन (जर्मनी),
दि. ९ नोव्हेंबर

ती. आई आणि ती. अण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे खुशाल आहे. गेल्या रविवारी फोनवर जे सांगायचे होते ते तुमचे आवाज ऐकताच घशात अडकले, म्हणून आज पत्र लिहायला बसले आहे. इथल्या संस्थेने मला आणखी पाच वर्षे, स्वतःचा लहानसा गट घेऊन, काम करण्यासाठी बोलावले होते आणि सोमवारी मी त्या कागदावर सही केली. आधी तुम्हाला विचारावे असे फार वाटत होते. पण विचारले असते तर अण्णा "तुला बरे वाटेल ते कर" म्हणाले असते, आईने दुधाचे निमित्त काढून फोन त्यांच्या हाती दिला असता, आणि त्या होकाराच्या आड काय आहे हे मला इथे बसून कळले नसते. म्हणून हा भार मी एकटीने उचलला. तुम्हाला डावलण्याचा विचार त्यात तिळभरही नव्हता, एवढे कृपा करून मनात धरा.

अण्णा, मागच्या दिवाळीत तुम्ही विचारले होते की, उंदराच्या मेंदूतल्या नसा बघायला इतक्या लांब कशाला जावे लागते. तेव्हा मी काहीतरी अर्धवट सांगून विषय बदलला, कारण खरे उत्तर त्या रात्रीपाशी जाते आणि त्या रात्रीविषयी आपल्या घरात कोणी बोलत नाही. मी नववीत होते. मामांच्या जीपमध्ये तुमचे डोके आईच्या मांडीवर होते, अंग घामाने निथळत होते, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मिरजेतल्या डॉक्टरांनी ॲट्रोपीनचे इंजेक्शन दिले, थोड्या वेळाने बॅटरी मारून डोळ्यांत पाहिले, पुन्हा दिले, पुन्हा पाहिले. पहाटे बाहुल्या मोठ्या होऊ लागल्या, तेव्हा ते मामांना म्हणाले, "नसेचा निरोप पोचतोय, पण पुसला जात नाहीये." मी दाराशी उभी होते. ते वाक्य माझ्या डोक्यातून आजपर्यंत गेलेले नाही.

नस आणि स्नायू, किंवा एक चेतापेशी आणि दुसरी, यांच्यामध्ये फट असते. या सांध्याला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९७ मध्ये सिनॅप्स हे नाव दिले. दोन चेतापेशींमधली फट सुमारे २० नॅनोमीटरची असते, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीत अशा पाच हजार फटी मावतील. अलीकडच्या टोकात इवल्या पिशव्यांमध्ये रसायन भरून ठेवलेले असते, विजेचा झटका तिथवर आला की कॅल्शियम आत शिरते, पिशव्या भिंतीला चिकटून फुटतात आणि रसायन पलीकडे सांडते. हा सगळा व्यवहार एका मिलिसेकंदाच्या आत उरकतो. स्नायूंपाशी ते रसायन ॲसिटिलकोलीन असते, आणि काम झाल्याबरोबर त्याचे तुकडे करून फट साफ करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, तिथेच पहाऱ्याला असते. या विकराचा एकेक रेणू दर सेकंदाला हजारो रेणू तोडतो. तुम्ही मारत होता त्या कीटकनाशकाने ते विकरच बांधून टाकले होते. निरोप साचत राहिला, म्हणून लाळ, घाम, छातीतला कफ आणि मांडीवरचे ते थरथरणे. ॲट्रोपीनने विष काढले नाही. त्याने पलीकडे रसायनाचा निरोप घेणाऱ्या काही दारांवर हात आडवा धरला आणि तुमच्या शरीराला सावरायला वेळ मिळवून दिला.

आता इथेच का, ते सांगते. हे रसायन नसेतून सांडते हे ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये घेऊन दाखवले आणि १९२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या प्रयोगाची कल्पना त्यांना रात्री झोपेत सुचली होती. पहिल्या रात्री उठून खरडलेले सकाळी त्यांना वाचता आले नाही, म्हणून दुसऱ्या रात्री ती पुन्हा सुचताच ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. पुढे बर्नार्ड कॅट्झ यांनी लंडनमध्ये दाखवले की रसायन सलग गळत नाही, ठरावीक मापाच्या पुड्यांनी सुटते. आणि १९७६ मध्ये याच गॉटिंगेनमध्ये एर्विन नेहेर आणि बेर्ट झाकमान यांनी बेडकाच्या स्नायूवर काचेची बारीक नळी टेकवून, ॲसिटिलकोलीनचे एकच दार उघडताना त्यातून वाहणारी वीज पहिल्यांदा मोजली. त्यांना १९९१ मध्ये नोबेल मिळाले. अण्णा, त्या रात्री तुमच्या अंगात जी दारे उघडीच राहिली होती, त्याच कुळातले ते दार. बंगळूरला आणि पुण्यात उत्तम काम चालते, मी स्वतः पुण्यातच घडले आहे. परंतु ज्या प्रश्नाला मी हात घातला आहे त्यासाठी लागणारी यंत्रे आणि ती हाताळणारी माणसे एका छताखाली मला इथे मिळाली. हे मी स्वतःचे समाधान करून घेण्यासाठी लिहीत नाही, असे मला मनापासून वाटते.

आई, मी दुपारी फोन उचलत नाही याचा तुला राग येतो, तर त्याचेही कारण ऐक. आम्ही मेंदूचा अगदी पातळ काप घेतो आणि ऑक्सिजन सोडलेल्या खारट द्रवात ठेवतो. तिथे तो काही तासच जिवंत राहतो. कानाच्या वाटेवर हेल्डचा पेला नावाचा एक मोठा सिनॅप्स असतो, फुलाच्या पेल्यासारखा पुढच्या पेशीला धरून बसलेला, आणि मी त्यावर काम करते. सूक्ष्मदर्शकाखाली काचेची नळी पेशीला टेकवायची, तोंडातल्या रबरी नळीने अगदी हलकेच श्वास ओढायचा, आणि काच नि पेशी एकमेकांना घट्ट चिकटण्याची वाट पाहायची. गोधडीच्या सुईत दोरा ओवताना तू जसा श्वास धरतेस, अगदी तसाच मी तेव्हा धरून असते. त्या वेळी फोन वाजला तरी हात हलवता येत नाही, आणि काप मेला की दिवस गेला.

माझ्या खाण्यापिण्याची काळजी करू नका. खोली उबदार आहे, खिडकीच्या काचा दुहेरी आहेत. ज्वारीचे पीठ अजून दोन महिने पुरेल, आणि तुझी कांदा-लसणाची चटणी मी रोज अर्धाच चमचा घेते. तूरडाळ इथल्या दुकानात मिळते. जाड कोट घेतला आहे, बूटही घेतले आहेत, आणि अंधार पडल्यावर सायकलला दिवा लावल्याशिवाय मी निघत नाही.

ऋषिपंचमीला तासगावचा रथ निघाला, त्या दिवशी मात्र मला फार एकटे वाटले. अण्णांच्या खांद्यावर बसून गोपुराकडे बघत मी गुलालाने माखत असे, आणि दोराला हात लावायला मिळाला नाही तर रडत असे, तेव्हा आई, तू पदराने माझे नाक पुसून "पुढच्या वर्षी" म्हणायचीस. ते पुढचे वर्ष मी किती वेळा चुकवले आहे, हे मला ठाऊक आहे. शेताची खालची पट्टी विकल्याचा विषय तुम्ही माझ्यासमोर एकदाही काढला नाहीत, हेही मला ठाऊक आहे.

आता मी सांगते ते दोघांनीही ऐकायचे, त्यात सबब चालणार नाही. अण्णा, गोडी छाटणी होऊन द्राक्षबाग फुलोऱ्यात आली असेल आणि फवारण्या वाढल्या असतील. डावणी-भुरी या रोगांची औषधे निराळी, पण फुलकिड्यांसाठी आणि पिठ्या ढेकणासाठी येणाऱ्या काही औषधांची जात तीच असते. लेबल वाचा, दुकानदाराने सांगितले म्हणून टाकीत ओतू नका. तुम्ही स्वतः ब्लोअरवर बसायचे नाही. गड्याला बसवा, आणि त्यालाही हातमोजे व मास्क दिल्याशिवाय बसवू नका, त्याच्याही घरी लेकरे आहेत. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात घालायचे नाहीत. रिकाम्या बाटल्या गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या मी उन्हाळ्यात पाहिल्या होत्या, त्या आजच काढा. मिरजेला जाऊन रक्तातल्या कोलिनेस्टरेजची, म्हणजे वर सांगितलेल्या त्या विकराची, तपासणी करून घ्या. हे विकर एकदा बांधले गेले की शरीराला ते नव्याने भरून काढायला कित्येक आठवडे लागतात, आणि थोडे थोडे कमी होत गेले तर माणसाला वरून काही जाणवत नाही. तुम्ही निष्काळजी आहात असे मी म्हणत नाही. या उद्योगावरच मी शिकले आहे.

आई, तुझ्या गुडघ्याचा फोटो त्याच दिवशी काढून घे, वेगळी फेरी नको. भाकरी उभ्याने ओट्यावर थाप, चुलीपुढे बसायचे बंद कर. न्हाणीत धरायला दांडी आणि कमोड बसवण्याचे पैसे मी दादाच्या खात्यावर पाठवले आहेत, ते खताला वळवू नका. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून सोडायची नसते, हे मागच्या वेळी आपण भोगले आहे.

मार्चमध्ये तीन आठवडे येते आहे, तिकीट काढले आहे. बेदाणा शेडवर असेल तेव्हा मी जाळीवर द्राक्षे पसरायला येईन, त्यामुळे तेवढे दिवस जास्तीचा मजूर सांगू नका. दर वर्षी एकदा येण्याची रजा मी सहीआधीच मागून घेतली आहे.

शनिवारी माझ्या सकाळी सातला, तुमच्या साडेअकराला, मी फोन करते. पत्र मिळाल्यावर रागावावेसे वाटले तर तेव्हा मोकळेपणाने रागवा, मी सगळे ऐकून घेईन. फक्त आईने फोन ठेवून आत जायचे नाही. आणि अण्णा, तोवर रक्ताचा कागद आला असेल तर चष्मा लावून त्यावरचा आकडा मला वाचून दाखवा.

तुमची
लेक