धाब्याच्या घराचं लाकूड आणि तुझ्या बाल्कनीतलं टेबल

प्रिय भैय्या,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू मागच्या अंगणातलं ते कुंड्यांचं टेबल बघितलं आणि लगेच म्हणालास, मम्मी आमच्या बाल्कनीत पण असंच पाहिजे, ऑनलाइन मागवतो. मागवू नको. फोनवर बाळ मध्ये मध्ये ओरडत होता म्हणून मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून पाठवते, एकदा सावकाश वाच.

ते टेबल गावातल्या आपल्या घराच्या लाकडाचं आहे. धाब्याचं मातीचं छप्पर गळायला लागलं म्हणून घर उतरवलं तेव्हा सगळे सर म्हणजे छताच्या तुळया, चौकटी, माळ्याच्या फळ्या तशाच खळ्यात रचून ठेवल्या होत्या. भंगारवाला आला तो सरळ जळाऊ लाकडाच्या भावाने मागत होता, किलोवर. मी नाही दिलं. सातपुड्याचा साग आहे तो, तुझ्या पणजोबांनी घर बांधलं तेव्हा लावलेला, आणि आता वखारीत तसा साग घ्यायला गेलं तर भाव ऐकून माणूस परत येतो. जे खरंच खराब झालेलं होतं तेवढं बंबाला लावलं, बाकी सगळं जपून आहे, त्यातलंच तुझ्यासाठी काढून ठेवते आहे.

पण जुनं आहे म्हणजे सगळंच चांगलं असं नसतं हं, हे तुला समजलं पाहिजे, कारण पुढे तू पण कुठून तरी जुनं लाकूड उचलून आणशील. सागाचा मधला गाभा असतो ना तपकिरी, त्यात नैसर्गिक तेल असतं म्हणून वाळवी त्याच्या सहसा नादी लागत नाही. बाहेरच्या अंगाचं जे फिकट पांढरट लाकूड असतं त्याला हे काही नसतं, वाळवी ते खाते आणि गाभ्यापाशी थांबते. आपल्या सरांचं अगदी तसंच झालं होतं, वरून बघितलं तर भुगा भुगा, माती भरलेली, मिस्तरी म्हणाला ताई हे टाकून द्या. मी म्हटलं आधी वाकसाने वरचं काढून तर बघा. वरचं सगळं झडलं आणि आतून चार बोटं जाड गाभा निघाला, ठोकला तर खणखणीत. ठोकून बद्द आवाज आला किंवा स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि तो सहज आत गेला की ते लाकूड सोडून द्यायचं, मग ते कितीही सरळ दिसो.

चुलीच्या वरच्या माळ्याची एक फळी होती, धुराने काळी कुळकुळीत, हात लावला तर हाताला तेलकट काजळी. आजी त्या फळीवर लोणच्याच्या बरण्या ठेवायची, बरण्यांचे गोल अजून दिसत होते. मिस्तरीने रंधा मारला तर पहिल्या दोन-तीन हाताला काळी साल निघाली आणि मग एकदम खालून मधाच्या रंगाचं लाकूड, रेषा अशा स्वच्छ, आणि सागाचा तो वास पूर्ण अंगणात. मी तो भुगा पण फेकला नाही. त्या फळीची खालची बाजू मी मुद्दाम तशीच काळी ठेवायला सांगितली, ती टेबलाला सगळ्यात पुढे लावली आहे, खाली वाकून बघशील तेव्हा दिसेल.

रंधा मारायच्या आधी खिळे. हे काम कंटाळवाणं आहे पण त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. सॉ मिलवाले जुनं लाकूड चिरायला घेत नाहीत ते याचसाठी, एक खिळा राहिला की पट्ट्याचं पातं तुटतं. जंबुराने दिसणारे सगळे काढायचे, आणि मग लोहचुंबक फिरवायचा पूर्ण फळीवर, कारण डोकं तुटलेले खिळे आत बसलेले असतात आणि डोळ्याला दिसत नाहीत. जिथे खिळा असतो तिथे लाकूड काळं पडलेलं असतं, ती पण खूण आहे.

आणि रंग. मधल्या खोलीच्या दाराला तो हिरवा ऑइल पेंट आठवतो ना, ते दार मी टेबलाला घेतलं नाही आणि तू पण असं रंग दिलेलं जुनं लाकूड घेऊ नको. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं घालायचे, आपल्या देशात 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर शिसं नको असा नियम लागू झाला तो 1 नोव्हेंबर 2017 पासून. म्हणजे त्याच्या आधीच्या रंगाचा भरवसा नाही. कोरड्या पॉलिश पेपरने घासलं की ती धूळ नाकातोंडात जाते, आणि घरात लहान मूल असल्यावर तर नकोच. तू म्हणालास कंपनीत पॅलेट फुकट मिळतात, ते चालतील, पण त्यावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असलेला शिक्का असतो तो बघ. त्यात एचटी लिहिलं असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, घे. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते नको. शिक्काच नसेल किंवा काही सांडल्याचे डाग असतील तर तेही नको. आपल्या सागापुढे मला पॅलेट काही खास वाटत नाहीत, खालच्या फळीला लाव हवं तर.

आता माप. माझ्या टेबलाचं माप घेऊ नको! माझे गुडघे धरले तेव्हा डॉक्टर म्हणाले उकिडवं बसणं बंद, त्याच्यानंतर हे टेबल माझ्या मापाचं झालं. दुकानातलं टेबल सगळ्यांसाठी एकाच उंचीचं येतं. आपण सरळ उभं राहायचं, कोपर वाकवायचा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून 3-4 इंच कमी करायचे, तेवढी टेबलाची उंची. कुंडी टेबलाच्या वर असते ना, म्हणून हात अजून वर जातात, टेबल उंच झालं की खांदे भरून येतात. आणि कोपर कोणाचा, तर सूनबाईंचा. रोज संध्याकाळी माती तीच हाताळते, तू रविवारी पाणी घालतोस. तिला विचार, तिचं माप पाठव.

लांबी 4 फूट ठीक आहे, रुंदी माझ्याकडे 2 फूट आहे पण तुझ्या बाल्कनीत दीड फूटच ठेवू, नाहीतर कपडे वाळत घालायला जागा राहणार नाही. एक गोष्ट मात्र नक्की पाळ, टेबल रेलिंगला लावू नकोस, आतल्या भिंतीला लाव. बाळ आता चढायला लागला आहे, टेबलावर चढला आणि पलीकडे रेलिंग असली तर, नको ते, मला लिहायला पण नको वाटतं. भिंतीलाच लाव आणि मागून दोन एल पट्ट्या मारून भिंतीला पक्कं कर.

वरच्या फळ्या एकाला एक चिकटवायच्या नाहीत, मध्ये 2 सूत म्हणजे पाव इंच जागा सोडायची. लाकूड लांबीला फारसं बदलत नाही पण रुंदीला पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, आपल्याकडे तर मे महिन्यात 44-45 पारा असतो. फटी असल्या की पाणी पण निथळतं. एका टोकाला मी चौकोनी भोक ठेवलं आहे आणि त्याच्याखाली घमेलं, उरलेली माती हाताने लोटली की सरळ घमेल्यात, परत वापरता येते. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की 20 किलोच्या घरात जाते, अशा चार-पाच कुंड्या म्हणजे मधे आडवी पट्टी पाहिजेच, आणि मागच्या बाजूला एक तिरपी, ती नसली की टेबल हलतं, कितीही स्क्रू मार. सांगाडा गुण्यात म्हणजे काटकोनात आहे का ते बघायला दोन्ही कर्ण सुतळीने मोजायचे, सारखे आले की झालं.

स्क्रू एसएसचे म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, 8 नंबर, 2 इंची. जुना साग वाळून इतका टणक झालेला असतो की आधी 3 एमएमचं भोक पाडल्याशिवाय स्क्रू जात नाही, जबरदस्ती केली तर फळी टोकाला उलते. स्क्रू साबणाच्या वडीवर घासून घे. पायांच्या खाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेव, कारण लाकडाचा कापलेला तोंडाचा भाग सगळ्यात जास्त पाणी पितो, कुजायला तिथूनच सुरुवात होते.

तेल मी जवसाचं लावलं, उकळलेलं मिळतं हार्डवेअरच्या दुकानात ते. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी एक हात दे. पण तेल लावलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकू नको, जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, हे खरं आहे. दोरीवर पसरून वाळव, मग टाक.

माझ्या टेबलावर आत्ता भरताच्या वांग्यांची रोपं आहेत, पेपरच्या पुड्यांमध्ये. आपली काळी माती एकटी घेतली तर ती पाणी धरते, मग सुकली की भेगा पडतात आणि रोपाची मुळं तुटतात, म्हणून मी नदीची वाळू, जुनं शेणखत आणि मळ्यातलं केळीच्या खांबाचं कुजलेलं खत असं मिसळते, टेबल असल्यामुळे हे सगळं उभ्या उभ्या होतं आणि कंबर दुखत नाही. सूनबाईंना चार रोपं देईन, मोठ्या कुंडीत चांगली येतात, आणि पुण्यात कुठे मिळतात म्हणा आपली वांगी.

मी मिस्तरीला सांगून फळ्या रंधून, मापाने कापून ठेवते, भोकं पण पाडून देईल तो, जोडायचं मात्र तू. बाळाला जवळ बसव, स्क्रू मोजायला लाव. पप्पा म्हणत होते टेम्पोने पाठवू, पण कानबाईच्या सणाला तुम्ही सगळे येणारच आहात, रोटाच्या प्रसादाला भाऊबंद जमतात तेव्हा आलं पाहिजेच, मग जाताना गाडीत घेऊन जा. त्याच्या आधी दोन गोष्टी फोन न करता लिहून पाठव, म्हणजे माझ्याकडे राहतील: सूनबाईंच्या कोपराची उंची, आणि मागची सीट पाडल्यावर डिकीत किती लांबीचं बसतं ते. सगळ्यात लांब फळी 4 फूट आहे.

तुझी
मम्मी
चोपडा